हन्नामावशीचा शनिवार

झाकण उघडले तशी बरणी 'फुस्स' म्हणाली.

तिने असे काही म्हणायला नको होते. आत काळ्या मनुका, पाणी आणि थोडी साखर एवढेच होते. उद्याच्या प्रभुभोजनाचा रस, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये घेतात तो. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या प्याल्यात दारूचा थेंबही नसतो. मनुका उकळून, भिजवून, कुस्करून फडक्यातून गाळलेले पाणी असते. ही रीत आमच्या पणज्यांनी घालून दिली आणि ती घालताना त्यांनी माझ्यासारख्यांचाच विचार केला असावा.

चूक कुणा एकाची नव्हती. मी आदल्या आठवड्यात गुरुवारी मनुका भिजत घातल्या होत्या. त्याच आठवड्यातल्या शनिवारी पाळकसाहेबांचा निरोप आला, की प्रभुभोजन आठ दिवस पुढे ढकलले आहे, संजीवन सभेच्या रविवारी घेऊ, पाच गावांची मंडळी जमेल. प्रभुभोजन पुढे ढकलले गेले. बरणीला कुणी कळवले नाही. मे महिना, वेस्ट्रीवर पत्रा, आणि नऊ दिवस. मनुकांनी जे करायचे ते केले.

वेस्ट्री म्हणजे चर्चच्या मागची छोटी खोली. पाळकांचा झगा, प्रभुभोजनाची भांडी, मोडकी पेटी आणि मागच्या नाताळचा तारा, असे सगळे तिथे एकत्र राहते. शनिवारी दुपारी साडेतीनपासून ती खोली माझ्या ताब्यात असे. चर्चमधल्या फळीवर उद्या म्हणायच्या गीतांचे आकडे लावायचे, भांडी घासायची आणि प्रभुभोजन असेल तर रस गाळायचा. मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. मोजणे, गाळणे, हुंगणे हा माझा धंदाच.

म्हणून मी वाकून हुंगले. नाकाने रोगाचे निदान केले आणि त्याच क्षणापासून ते माझ्या बाजूने राहिले नाही.

आता थोडे मागचे सांगायला हवे, नाहीतर एका बरणीपुढे बत्तीस वर्षांचा गडी घाम का पुसत होता ते कळायचे नाही.

मी सात वर्षे दारू प्यायलो. चांगली मन लावून प्यायलो. शेवटी शेवटी एका लग्नात पेटीवर बसलो आणि नवरी आत येताना अंत्यविधीचे गीत वाजवले. ताल अगदी बरोबर होता, असे मला नंतर सांगण्यात आले. त्या आठवड्यात माझी बायको मनोरमा मुलीला घेऊन जालन्याला माहेरी गेली. मी दारू सोडल्यावर आठ महिन्यांनी परत आली आणि दारातच म्हणाली, "एकदा. फक्त एकदा घेतलीत, की मी जाईन. भांडणार नाही."

मनोरमा भांडणारी बाई नव्हती. भीती होती ती त्याचीच.

मग दरवर्षी विश्वास ताजा करायला भरणाऱ्या संजीवन सभेत मी साक्ष देऊ लागलो. साक्ष म्हणजे देवाने आपले काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगणे. माझी साक्ष फार गाजली. तिचे शेवटचे वाक्य होते, "प्रभूने माझी दारूच नव्हे, तहानसुद्धा काढून घेतली." या वाक्याला बायका डोळ्यांना पदर लावत आणि पुरुष आपापल्या धाकट्या भावांकडे पाहत. वाक्य मला सुचले तेव्हा अगदी खरे होते. साधारण पंधरा दिवस.

पुढे त्या वाक्याची सवय लागली. लोकांनाही आणि मलाही. आणि आमच्या पाळकसाहेबांना प्रतीकांचा फार सोस, त्यांनी मला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातला एक पंच, नेमले आणि प्रभुभोजनाचा रस करायचे काम दिले. "भिंगारदिवे," ते म्हणाले, "ज्या हातांनी पेला उचलला, तेच हात आता हा प्याला भरतील. केवढी कृपा." कृपा होतीच. पण तिची नऊ दिवस मे महिन्यात परीक्षा घेऊ नये.

तर मी बरणीपुढे उभा होतो. सहा वर्षे एक थेंब नाही. उद्या पाच गावांसमोर साक्ष. घरी मनोरमा. आणि माझ्या नाकाखाली, मीच माझ्या हातांनी केलेली दारू, चर्चच्या आत, दार बंद.

तुम्ही म्हणाल, ओतून द्यायची. मीही तेच म्हटले. पण ओतायची तर बरणी उचलावी लागते आणि उचललेली बरणी कुठल्या दिशेला जाईल याची मला खात्री वाटेना. शिवाय डोके अशा वेळी फार हुशार होते. ते म्हणाले, आंबलाय की नाही हे चाखल्याशिवाय कसे ठरवणार? तू मंडळीचा वडील आहेस. ही तुझी जबाबदारी आहे. उद्या लहान लहान पोरी हा रस घेतील, शांतवन, त्यांचा तरी विचार कर.

इतक्या सज्जनपणे मला कधीच कुणी दारू प्यायला सांगितली नव्हती.

मी गुडघे टेकले. प्रार्थना सुरू केली. "हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, परमदयाळू स्वर्गीय पित्या, या उष्ण दुपारी आम्ही तुझ्या पवित्र चरणांशी..." दोन-तीन मिनिटे झाल्यावर लक्षात आले, की ही रविवारची प्रार्थना आहे. आवाजसुद्धा रविवारचा होता. मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. आणि ती चालू असताना माझा उजवा हात झाकण पुसत होता.

मग दुसरी केली. ती सौद्याची होती. देवा, एवढे निभाव, पुढल्या वर्षी रविवारची शाळा मी घेतो, आजारी लोकांच्या भेटी घेतो. देवाला अशा याद्या माझ्याकडून सहा वर्षांपूर्वी बऱ्याच मिळाल्या होत्या. हस्ताक्षर त्याने ओळखले असणार.

तिसरी अशी काही नव्हतीच. मी जमिनीवर बसलो होतो, पाठ कपाटाला लावून, आणि तोंडातून निघाले, "देवा, मला नाही जमत. तहान आहे अजून."

हे मी सहा वर्षांत कुणालाच सांगितले नव्हते. त्यालाही नाही.

त्यानंतर काही घडले नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. बरणीत एक बुडबुडा वर येऊन फुटला तेवढा ऐकू आला. आणि घड्याळात पाहिले तर सव्वाचार वाजले होते. मला एकदम वाटले, अरे, हन्नामावशी आली नाही.

हन्नामावशी कोण, तेही सांगतो. चाळीस वर्षे बायबलबाई म्हणून खेडोपाडी पायी हिंडून, घरोघर बायबल वाचून दाखवून आता निवृत्त झालेली, वय सत्तरीच्या पुढे, एकटी. जिभेला धार, नजरेला त्याहून जास्त. उपासनेला कोण आले नाही हे पाळकसाहेब वही पाहून सांगत. मावशी डोळे मिटून सांगे. ही बाई दर शनिवारी चारच्या ठोक्याला वेस्ट्रीत येई. दर वेळी निमित्त वेगळे. चष्मा राहिला का बघते. फुलदाणी घासून आणली. पाल दिसली होती म्हणे, आहे का गेली? आणि बाकावर बसून तासभर बोले. तिच्या पायी माझे गीतांचे आकडे चुकत. एकदा आम्ही उपासनेत नाताळचे गीत भर जूनमध्ये म्हटले, ते तिच्यामुळे.

मी पाळकसाहेबांकडे तक्रारही केली होती. "साहेब, मावशींना शनिवारी दुसरं काही काम द्या." ते म्हणाले, "सांगून पाहिलं. ती म्हणते, मला शनिवारी काम आहे."

सहा वर्षे मी दर शनिवारी मनात म्हणत असे, आज ही येऊ नये. आज ती आली नव्हती.

मी उठलो. बरणीला हात लावला नाही. बाहेर आलो, दाराला कुलूप घातले आणि निघालो. किल्ली खिशात ठेवून दहा पावले गेलो आणि परतलो. पुन्हा निघालो. पुन्हा परतलो. खिशातली किल्ली मांडीला चटका देत होती. शेवटी ती मुठीत धरली आणि चालू लागलो. मावशीच्या घराची जवळची वाट देशी दारूच्या दुकानावरून जाते. मी शाळेच्या मागून, एरंडाच्या झुडपांतून, उकिरडा ओलांडून गेलो. सहा वर्षे विजयी असलेल्या माणसाला शोभेल अशी ती वाट नव्हती.

मावशी बाजेवर पडली होती. गुडघ्याला रुईची पाने बांधलेली.

"कोण?"

"मी, शांतवन."

"आज यायला नाही जमलं बाबा," ती म्हणाली, कचेरीत रजा टाकल्यासारखी. "गुडघा धरलाय. उठले दोनदा, दोनदा बसले. बस. आणि ती किल्ली अशी काय धरलीस, विंचू धरल्यासारखी?"

वाटेत मी एक वाक्य तयार केले होते. 'रस जरा बिघडलेला दिसतो, मावशी, आपला सल्ला घ्यावा म्हटलं.' छान वाक्य होते. निघाले दुसरेच.

"मावशी, ही तुमच्याकडे ठेवा."

"का रे?"

"आत रस आंबलाय."

"मग ओतून दे की."

"ओतता येत नाही."

मावशीने कोपर टेकून मान वर केली. 

"घेतलास?"

"नाही."

"बोट बुडवलंस?"

"नाही. झाकणाला लागलं होतं, ते पुसलं."

"कशानं?"

"फडक्यानं."

"फडकं कुठाय?"

मी इकडेतिकडे पाहिले. मग खिशात हात घातला. फडके तिथे होते. ओले. खरे सांगतो, ते मी तिथे कधी ठेवले मला ठाऊक नव्हते. माझा उजवा हात माझ्या नकळत पुढची सोय करून निघाला होता.

मावशीने हात पुढे केला. मी फडके दिले. तिने ते बाजेखालच्या बादलीत टाकले, वर तांब्याभर पाणी ओतले, आणि किल्ली घेऊन कनवटीला लावली. मी आता प्रार्थनेच्या तयारीने डोळे मिटले. मावशीची प्रार्थना म्हणजे सुरुवात जगाच्या उत्पत्तीपासून आणि मध्ये सगळे दिवंगत पाळक.

"डोळे काय मिटतोस," मावशी म्हणाली. "तू करून आलास ना?"

"केली. जमली नाही नीट. नुसतं म्हटलं, मला नाही जमत."

"मग अजून काय म्हणायचं असतं?" ती उठायला लागली. "चूल पेटव. चहा ठेव. साखर जास्त घाल."

चहा झाला. दोघांनी बशीने प्यायला. मग मी विचारले, "मावशी, तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"कशाचं?"

"मी साक्षीत सांगतो ना, तहानसुद्धा गेली म्हणून."

"हां. पहिल्या वर्षी ऐकलं तेव्हाच म्हटलं, हा पोरगा चर्चमध्ये उभा राहून थापा मारतोय. याच्याकडे लक्ष ठेवायला पाहिजे."

मी बशी खाली ठेवली.

"तू प्यायचास तेव्हा शनिवारी चार वाजता आपल्या दवाखान्यात पगार व्हायचा," ती म्हणाली. "आणि चारला तू कुठं जायचास ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. म्हणून चार."

"तुम्ही चष्मा बघायला येत होतात."

"चष्मा माझ्या नाकावरच असायचा. तुला कधी दिसला नाही, तुझं लक्ष कुठं होतं देव जाणे." ती गुडघा चोळत होती. "मला काय हौस होती? उन्हातान्हात यायचं, तुझं ते आंबट तोंड बघायचं. कंटाळा यायचा. नाही गेलं तर झोप लागायची नाही. तो वरचा उठवायचा मला. त्याला सांग, मला नको सांगूस."

मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मी मशेरी लावायचे. ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हते. कुणालाच नव्हते. बायबलबाई आणि मशेरी हे दोन शब्द आमच्याकडे एका वाक्यात येत नाहीत.

"सोडून बावीस वर्षं झाली. पहाटे उठले, की अजून बोट दाताकडे जातं. रोज. रोज त्याला म्हणते, हे बोट धर बाबा आजच्या दिवस. उद्याचं उद्या सांगीन. तहान जाते, कुणी सांगितलं तुला? तहान असते. धरणारा असतो, एवढंच."

त्यानंतर आम्ही दोघे वेस्ट्रीकडे निघालो. तिच्या एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. वाटेत लोक पाहत होते, भिंगारदिवे म्हातारीला आधार देऊन नेताहेत, असे कौतुकाने. कोण कुणाला नेत होते ते आम्हा दोघांना माहीत. कुलूप तिने उघडले. बरणी तिने उचलली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तिने ती दारापुढच्या बोरीच्या बुंध्याशी ओतली, मनुकांसकट, आणि वास आला तेव्हा मी तिचा पदर धरला होता. बत्तीस वर्षांचा, मिशीवाला, मंडळीचा वडील.

पाळकसाहेबांच्या कोंबड्या त्या मनुकांवर तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा कोंबडा आरवला नाही. त्याचे कारण मंडळीत दोघांनाच ठाऊक होते.

रस मात्र नव्याने करायला हवा होता. मावशीने घरच्या डब्यातून अर्धा शेर काळ्या मनुका काढल्या. पोट साफ राहावे म्हणून रात्री खायला ठेवलेल्या. त्या तिच्याच चुलीवर उकळल्या, तिनेच कुस्करल्या, मी गाळल्या. पाच गावांच्या मंडळीने त्या रविवारी जे घेतले ते हे. कुणाची तक्रार आली नाही.

संध्याकाळी रिकामी बरणी घेऊन घरी गेलो. मनोरमा तांदूळ निवडत होती. मी दारातच सगळे सांगितले, बुडबुड्यापासून फडक्यापर्यंत. सांगताना तिच्याकडे पाहिले नाही. कोनाड्यात तिची जालन्याची पिशवी होती, तिच्याकडे पाहिले. परत आल्यापासून ती भरलेली पिशवी तिने आवरून ठेवली नव्हती.

मनोरमा उठली. तिने बरणी हातात घेतली आणि हुंगली. मग जवळ आली आणि मला हुंगले. मग बरणी मोरीत नेऊन राखेने घासली. दोनदा.

"उद्या साक्षीत काय सांगणार?" तिने आतूनच विचारले.

"बघू."

"ते वाक्य नका म्हणू," ती म्हणाली. "मला ते कधीच आवडलं नाही. ऐकलं की भीती वाटायची."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. मी उभा राहिलो, नेहमीप्रमाणे लग्नातल्या गीताची गोष्ट सांगितली, लोक हसले. शेवटच्या वाक्याशी आलो. बायकांनी पदर हातात घेतले होते. मी म्हणालो, "तहान आहे अजून. काल फार लागली होती. मला धरून ठेवायला लागतं. देव धरतो. आणि कधी कधी तो माणसं पाठवतो, ती आपल्याला आवडत नाहीत."

एवढे म्हणून खाली बसलो. मांडवात खोकण्याचे आवाज झाले. पाळकसाहेबांनी घाईने गीत जाहीर केले, आणि आकडा चुकला. मागच्या रांगेत हन्नामावशी तोंड वाकडे करून बसली होती. नंतर म्हणाली, "ते शेवटचं माझ्यावर होतं ना?"

त्यानंतर मला साक्षीला कुणी बोलावले नाही. रस करायचे काम राहिले. फक्त पंच कमिटीने ठरवले, की रस दोघांनी मिळून करावा, आदल्या दिवशीच. कारण नोंदले आहे 'उन्हाळा'. मावशी पुढे अकरा वर्षे शनिवारी चारला येत राहिली. निमित्ते सांगायची मात्र थांबली नाही. पालीचे तर तिने शेवटपर्यंत सोडले नाही.

आता मी तिच्या वयाचा झालो आहे. पिशवी मनोरमाने कधी आवरली मला कळले नाही. एक दिवस तिच्यात कांदे दिसले.

आमच्या मंडळीत दानिएल म्हणून एक जण आहे. बसस्टँडजवळ वेल्डिंगचे दुकान. पावणेदोन वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली आणि गेल्या संजीवन सभेत उभा राहून साक्ष दिली. चांगली दिली. शेवटी म्हणाला, आता मला तिची आठवणसुद्धा येत नाही. बायकांनी डोळे पुसले. मी घरी येऊन माळ्यावरून लोखंडी स्टूल काढले.

ते स्टूल घेऊन दर शनिवारी चार वाजता मी दानिएलच्या दुकानात जातो. पाय हलतोय म्हणतो. तो जोडतो. मी तासभर बसून बोलतो. पुढल्या शनिवारपर्यंत दुसरा पाय हलायला लागतो. हातोडी घरात आहेच. त्याला माझा फार वैताग येतो. तोंड असे आंबट करतो, की मला ते तोंड ओळखीचे वाटते.

परवा नवे पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, रागावू नका. दानिएल म्हणत होता, तुम्हाला शनिवारी दुसरं काही काम देता येईल का."

मी म्हणालो, "मला शनिवारी काम आहे."